वाजिमाच्या लाखेच्या वाडग्याचा काठ उडालाय. काय करावं?

सायली_बाणेर

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण त्याच्यामागचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून जरा लांबण लावते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जपानात नागोयाला होतो. २०१९ च्या ऑक्टोबरात नोतो द्वीपकल्पावर वाजिमाला गेलो. तिथल्या सकाळच्या बाजारात एका आजोबांच्या दुकानातून मिसो सूपचा एक वाडगा घेतला. बाहेरून काळा, आतून लाल. पंधरा हजार येन म्हटल्यावर मी मागे सरकले होते. आजोबांनी तो माझ्या हातात दिला आणि खुणेने म्हणाले, ओठांना लावून बघा. लावला आणि घेतला. काचेचा नाही, चिनी मातीचा नाही, स्टीलचा तर नाहीच, असा तो स्पर्श होता.

पुण्याला आल्यापासून मी त्यातून रोज आमटी पिते. गेल्या महिन्यात तो ओट्यावरून फरशीवर पडला. फुटला नाही, पण काठाचा नखाएवढा टवका उडाला आणि आत चक्क कापड दिसतंय! लाकडाच्या वाडग्यात कापड कुठून आलं?

१ जानेवारी २०२४ च्या भूकंपात त्या बाजाराला आग लागली, दोनशेहून जास्त इमारती जळाल्या. आजोबांचं दुकान त्याच गल्लीत होतं. त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. म्हणून हा वाडगा टाकून देणं शक्य नाही.

पुण्यात कोणी लाखेचं काम करून देतं का? की सरळ किन्त्सुगीचं, म्हणजे मोडलेलं भांडं सोनेरी रेघेने जोडायच्या जपानी पद्धतीचं, किट मागवू? ज्यांना या जपानी कारागिरीची माहिती आहे त्यांनी कृपया लिहा.

हळदीकुंकू

फोटो दिसत नाहीये ताई, परत टाका. आणि आमटी कुठली, तेही सांगा :)

सायली_बाणेर

टाकला परत. आमटी चिंचगुळाची, गोडा मसाला घालून.

वेंगुर्लेकर

सायलीताई, पुण्यात कशाला शोधताय? सावंतवाडीला या. लाखकाम आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. चितारआळीत लाकडी खेळणी, फळं, पाट सगळं मिळेल. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे बसतात. ती कला जवळजवळ संपली होती, राजमाता सत्त्वशीलादेवींनी १९७० च्या दशकात ती पुन्हा उभी केली. एवढासा टवका आमचे कारागीर बसल्या बैठकीला भरून देतील.

प्रयोगशाळा

वेंगुर्लेकर, सावंतवाडीबद्दल मलाही प्रेम आहे, पण इथे ते चालणार नाही. जपानी 'उरुशी'ला आपण लाख म्हणतो, पण ती लाख नव्हेच.

आपली लाख किड्याची. पळस, कुसुंब, बोर या झाडांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात, ती. उष्णतेने ती मऊ होते. म्हणूनच कातारी चरकावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतो आणि घर्षणाच्या उष्णतेने ती पसरते. पण गरम आमटी ओतलीत तर ती पुन्हा मऊ पडेल.

उरुशी हा झाडाचा चीक. चिकातल्या उरुशिऑल नावाच्या द्रव्यावर त्याच चिकातलं एक विकर (एन्झाइम) काम करतं, हवेतला प्राणवायू घेतं, आणि चीक घट्ट जाळं बांधून कडक होतो. एकदा कडक झाला की उष्णतेने वितळत नाही, आम्लाला आणि अल्कलीला दाद देत नाही. चिंचगुळाच्या आमटीने तुमच्या वाडग्याला काही झालं नाही ते यामुळेच. त्याचा वैरी म्हणजे ऊन.

गंमत अशी की उरुशी 'वाळते' ती ओलाव्यात. कोरड्या हवेत ते विकर कामच करत नाही. म्हणून वस्तू ओलसर, कोमट कपाटात ठेवतात. साधारण २० ते ३० अंश तापमान आणि ७० ते ८५ टक्के आर्द्रता. म्हणजे आपला जुलै-ऑगस्ट!

आणि सावधान, ओली उरुशी अंगाला लागली तर फोड येतात. हे झाड आम्रकुलातलं, बिब्ब्याचं नातेवाईक. बिब्बा उततो म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. बिब्ब्याच्या तेलातही त्याच जातीची द्रव्यं असतात.

वेंगुर्लेकर

अरे वा! लाख आणि उरुशी एकच, असं मी आजपर्यंत समजत होतो. धन्यवाद. आम्रकुल म्हणजे काजूही त्यातलाच ना? आमच्याकडे काजू फोडणाऱ्या बायकांचे हात त्या सालीच्या तेलाने काळे पडतात, सोलवटतात. राख किंवा तेल लावून बसतात बिचाऱ्या.

प्रयोगशाळा

अगदी बरोबर धागा पकडलात. जपानमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापासून काजूच्या सालीच्या तेलापासून उरुशीसारखं दिसणारं रोगण बनवतात. त्याला ते 'काशू' म्हणतात, म्हणजे काजूच. कपाटाची गरज नाही, अंगावर उतण्याची भीती कमी, आणि किंमतही कमी. स्वस्त जपानी वाडग्यांवर बऱ्याचदा ते असतं, नाहीतर साधा कृत्रिम रंग.

हळदीकुंकू

म्हणजे जपानी वाडग्यात कोकण! वाखुसा (वाचनखूण साठवली).

इवातेकर

धागा बघून राहवलं नाही. मी सहा वर्षं मोरिओकाला आहे. इथून उत्तरेला निनोहे शहरात जोबोजी नावाचा भाग आहे. जपानमध्ये निघणाऱ्या उरुशीतला बहुतेक वाटा एकट्या जोबोजीचा. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तिथे चीक काढताना पाहिलं, ते लिहितो.

झाड लावल्यापासून दहा-पंधरा वर्षं थांबायचं. मग जूनमध्ये खोडावर एक आडवी चीर. चार दिवसांनी तिच्या वर दुसरी, किंचित लांब. असं शरद ऋतूपर्यंत. चिरेतून पांढरट थेंब येतो, हवा लागताच तपकिरी होतो. तो खरवडून लाकडी डबीत. एका झाडातून अख्ख्या हंगामात जेमतेम २०० मिलि. म्हणजे एक फुलपात्र! त्यानंतर झाड तोडतात. बुंध्याला फुटवे येतात, पुन्हा तेवढीच वर्षं थांबायचं. मला दाखवणारे काका सत्तरीचे होते. ते आज जी रोपं लावतात, त्यांचा चीक दुसरंच कोणी काढणार.

जपानमध्ये वापरतात त्यातली ९० टक्क्यांहून जास्त उरुशी चीनमधून येते. पण सरकारने २०१५ मध्ये ठरवलं की राष्ट्रीय ठेवा असलेल्या देवळांच्या आणि इमारतींच्या डागडुजीला देशी उरुशीच वापरायची. तेव्हापासून जोबोजीच्या मालाला मागणी आली आणि शिकायला तरुण मुलंही येऊ लागली.

सायलीताई, कापडाचं उत्तर: ते वाजिमाचं वैशिष्ट्यच आहे. काठ आणि तळ ही लवकर झिजणारी ठिकाणं. तिथे उरुशीत भिजवलेलं कापड चिकटवतात. त्यावर 'जिनोको' म्हणजे वाजिमाच्याच टेकडीतली माती भाजून, दळून, उरुशीत आणि भाताच्या खळीत कालवून थर देतात. घासायचं, पुन्हा थर, पुन्हा घासायचं. शंभराहून जास्त पायऱ्या. तुमचा वाडगा फरशीवर पडून फुटला नाही तो त्या कापडामुळे.

मीनल_के

सायली, मी किन्त्सुगीचं किट मागवलं होतं, छान आलं. मगाचा कान तुटला होता, एका दुपारी जोडला. सोनेरी रेघ इतकी सुंदर दिसते! 'मोडलेपणातलं सौंदर्य' ही कल्पनाच मला आवडते.

प्रयोगशाळा

मीनलताई, त्या किटमध्ये दोन नळ्या एकत्र करायच्या होत्या का? तसं असेल तर ते इपॉक्सी, आणि वर सोनेरी भुकटी. शोभेच्या वस्तूला ठीक आहे, पण गरम चहाच्या मगाला आणि खाण्यापिण्याच्या भांड्याला मी ते वापरणार नाही.

खऱ्या किन्त्सुगीत कणीक आणि उरुशी मळून तुकडे चिकटवतात, खळगे उरुशी आणि मातीच्या पुटीने भरतात, घासतात, मग लाल उरुशीची रेघ आणि ती ओली असतानाच सोन्याची पूड. प्रत्येक पायरीला कपाटात ठेवणं आलं. आठवडे जातात, कधी महिने.

मीनल_के

हो, दोन नळ्याच होत्या. मगात आता पेन ठेवते. सांगितल्याबद्दल आभार, खरंच माहीत नव्हतं.

रोखठोक

माहिती उत्तम चालली आहे, पण एक खडा टाकतो. या सगळ्याला आता 'समकालीन हस्तकला' म्हणून जे रूप दिलंय ते मला पटत नाही. क्योतोमधली काइकादो, १८७५ पासून चहाचे डबे करणारी. त्यांचा डबा अप्रतिम, झाकण टेकवलं की आपल्या वजनाने हळूहळू खाली बसतं. २०१९ मध्ये पॅनासोनिकबरोबर त्याच डब्यात स्पीकर बसवला. किंमत तीन लाख येन, फक्त शंभर नग! क्योतोच्याच निशिजिन या विणकरांच्या वस्तीचं रेशीम आता परदेशी ब्रँडच्या दुकानांच्या भिंतींवर. पाणी वाहायच्या लाकडी बादल्या करणारे शॅम्पेनच्या बादल्या करतात.

१९२५ मध्ये विचारवंत यानागी सोएत्सु आणि कुंभार हामादा शोजी, कावाई कांजिरो यांनी 'मिंगेई' शब्द काढला तो कशासाठी? नाव नसलेल्या कारागिराने सामान्य माणसाच्या रोजच्या वापरासाठी केलेली वस्तू सुंदर असते, हे सांगायला. १९३६ मध्ये तोक्योत त्याचं संग्रहालयही काढलं. ती सामान्य माणसाची वस्तू आज सामान्य माणसाला परवडत नसेल तर जपलं काय? सायलीताईंनी वाडग्यातून आमटी प्यायली, ती मला त्या स्पीकरपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

येवलेकरीण

रोखठोक, शेवटच्या वाक्याशी सहमत, बाकीच्याशी नाही. आमच्या घरात माग आहे, म्हणून हे जिव्हारी लागतं.

निशिजिनचंच घ्या. राजधानी तोक्योला गेली, क्योतोचे गिऱ्हाईक गेले. १८७२ मध्ये तिथल्या तिघांना फ्रान्समध्ये लियोंला पाठवलं, जाकार्ड माग (भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारा) शिकायला. त्यातला एक परतीच्या वाटेवर जहाज बुडून गेला. आज ज्याला आपण 'पारंपरिक निशिजिन' म्हणतो ते त्या जाकार्डवरचं आहे! त्या वेळी कोणीतरी म्हणालं असेलच, हे आपलं नव्हे म्हणून.

तुम्ही म्हणता ते भिंतीवरचं रेशीम होसोओ घराण्याचं. १६८८ पासूनचं घर. ओबीच्या, म्हणजे किमोनोवरच्या कमरपट्ट्याच्या, कापडाचा पन्हा ३२ सेंटिमीटर. तेवढ्या पन्ह्यात भिंत, सोफा, पडदा काही होत नाही. त्यांनी १५० सेंटिमीटर पन्ह्याचा माग स्वतः तयार केला, २०१० मध्ये. विणणारे हात निशिजिनचेच, सोनेरी कागदाच्या पट्ट्या विणण्याची पद्धत तीच. किमोनो नेसणारेच कमी झाले तर विणकराने काय करायचं? घर चाललं पाहिजे ना भाऊ.

एक सांगायचा मोह आवरत नाही. निशिजिनमध्ये 'त्सुझुरे' नावाचा प्रकार आहे. त्यात जाकार्ड नाही. प्रत्येक रंगाचा बाणा आपापल्या जागी फिरवून परत आणायचा, अगदी आपल्या पैठणीच्या पदरावर तिल्ल्या (रंगीत धाग्याच्या छोट्या कांड्या) फिरवतात तसा. आणि बाणा ठोकायला ते लोक बोटांची नखं करवतीसारखी कापतात, त्या दात्यांनी धागा ओढून बसवतात. मी त्या नखांचा व्हिडिओ माझ्या सासऱ्यांना दाखवला. साठ वर्षं मागावर बसलेला माणूस. त्यांनी काही न बोलता स्वतःचा हात उलटा करून बघितला.

हळदीकुंकू

येवलेकरीण ताई, __/\__

कसबा_पेठ

आमची तांब्याची भांडी. वडील तांबट आळीत ठोके घालायचे, मी नोकरी करतो. म्हणून दोन ओळी.

निइगाता प्रांतात त्सुबामे गावात ग्योकुसेन्दो नावाची कामशाळा आहे, १८१६ पासूनची. तांब्याचा एकच सपाट पत्रा ठोकून ठोकून किटली काढतात. नळीसुद्धा त्याच पत्र्यातून वर काढतात, झाळ नाही, सांधा नाही. ठोकून तांबं कडक झालं की भट्टीत तापवून मऊ करायचं, पुन्हा ठोकायचं. हे आमच्या मठारकामासारखंच आहे. फरक एवढाच की तिथे आज तरुण मुली ठोकायला बसल्यात, बाहेरून शिकायला आलेल्या. आमच्या आळीत माझ्या पिढीतले किती जण बसतात ते मला विचारू नका.

दुसरं, ताकाओकाचं नोसाकू. १९१६ पासून पितळेची देवघरातली भांडी ओतायचे. मागणी घटली. घंटा करून बघितली, खपली नाही. दुकानातल्या विक्रेतीने सुचवलं, वाऱ्यावर वाजणाऱ्या छोट्या घंटा करा. त्या चालल्या. मग म्हणाली, ताटवाट्या करा. त्यांनी निवडलं शंभर टक्के कथील! कथील इतकं मऊ की वाटी हाताने वाकते. कोणीही म्हणेल हा दोष आहे. त्यांनी जाळीची थाळी केली, ती ओढून वाटेल तशी टोपली करायची. मऊपणा हाच गुण ठरवला.

कथील म्हणजे आमची कल्हई. आमच्याकडे ते भांड्याच्या आत पातळ हात मारण्यापुरतं. त्याचीच अख्खी वाटी होऊ शकते हे मला ते पाहून कळलं. त्या रात्री झोप आली नाही.

गृहिणी_ठाणे

अवांतर, पण विचारते. मी एका ऑनलाइन दुकानातून रंगीत जपानी लोखंडी किटली घेतली. गॅसवर ठेवली आणि आतला थर तडकला. दुकानदार हात वर करतो. दोष कुणाचा?

इवातेकर

ही आमच्या इवाते प्रांतातली (मोरिओका त्यातच), नाम्बू नावाच्या बिडाच्या कामातली. दोन प्रकार आहेत. 'तेत्सुबिन' म्हणजे पाणी उकळायची किटली, आतून उघडं बीड, कोळशाच्या आचेत सुमारे ९०० अंशांवर तापवून आत ऑक्साइडचा थर आणलेला. ती आचेवर चालते, पण ओली ठेवायची नाही. दुसरी 'क्युसु', चहा मुरवायची, आतून काचमिना (इनॅमल) दिलेली. ती आचेवर कधीच नाही. रंगीत बहुतेक क्युसुच असतात. युरोपातल्या चहाच्या दुकानांच्या मागणीवरून रंग आले. विकणाऱ्याने हे सांगायला हवं होतं. आता त्या किटलीत चहा करू नका, काचमिन्याचे कण पोटात जातील.

गृहिणी_ठाणे

बिडाच्या तव्याला जसं तेल लावून ठेवतो तसं तेत्सुबिनला?

इवातेकर

नाही, तेल अजिबात नको, घासणीही नको. वापरल्यावर पाणी ओतून टाकायचं, गरम किटली उघडी ठेवून वाळू द्यायची. आत पांढरा थर धरू लागला की ती मुरली समजा.

आजीची_गोधडी

सगळे धातू, लाकूड बोलतायत म्हणून मी कापडाचं लिहिते. सध्या फॅशनमध्ये 'साशिको' आणि 'बोरो' फार चाललंय. मूळ गरिबीचं काम. उत्तरेच्या थंडीत कापूस पिकत नसे, म्हणून चिंध्यांवर चिंध्या जोडून धावदोरा घालायचा. आपली गोधडी काय वेगळी आहे?

२०११ च्या सुनामीनंतर इवाते किनाऱ्यावरच्या ओत्सुची गावात घरं गेलेल्या बायकांनी साशिको सुरू केलं. निवारा छावणीत सुई, दोरा आणि कापड एवढंच चालण्यासारखं होतं. आज त्यातल्या आज्या लोकांच्या जुन्या बुटांवर आणि जॅकेटांवर टाके घालून देतात आणि जगभरातून मागणी येते. बुटावर साशिको ही परंपरा नव्हे, हे मान्य. पण टाका तोच आहे, आणि त्या बाईला हातात पैसे मिळतात.

रोखठोक

ओत्सुचीचं माहीत नव्हतं. येवलेकरीण ताईंचा लियोंचा मुद्दाही मान्य. महागड्या गिऱ्हाइकामुळे कारागीर जगतो, हे मी नाकारत नाही. माझी तक्रार एवढीच की रोजच्या वाटीला हात लावायची सवय माणसांची सुटली तर ते रेशीम आणि तो स्पीकर किती दिवस तग धरतील? जपान सरकारच्या १९७४ च्या कायद्यात 'पारंपरिक शिल्पवस्तू' ठरायला पहिली अट हीच आहे की ती रोजच्या वापरातली हवी. हाताचं काम आणि शंभर वर्षांचं तंत्र या अटी त्यानंतरच्या. अशा २४० हून जास्त वस्तू यादीत आहेत. यादीत नाव असणं आणि घरात भांडं असणं या दोन वेगळ्या गोष्टी.

प्रयोगशाळा

इथे मी रोखठोकांच्या बाजूने. 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून ज्यांना मान देतात त्यांना वर्षाला वीस लाख येन मिळतात, ते शिष्य घडवण्यासाठी. चांगलंच आहे. पण शिष्याला उद्या वाडगा विकत घेणारं माणूस लागेल.

सायली_बाणेर

इतकं काही मिळेल असं वाटलं नव्हतं. आधी माझ्या वाडग्याचं सांगते.

किट मागवलं नाही. इवातेकरांनी व्यक्तिगत निरोपातून मदत केली. त्यांनी जपानीत लिहून दिलेलं पत्र आणि फोटो वाजिमाच्या एका कामशाळेला पाठवले. आठ दिवसांनी उत्तर आलं. दुरुस्ती होईल. कापड नव्याने लावून, मातीचे थर देऊन, काठ पुन्हा रंगवून देतील. पण घाई करू नका म्हणाले. भूकंपानंतर त्याच वर्षी सप्टेंबरात पूर आला. काही जण अजून तात्पुरत्या जागेत काम करतायत, आणि लाकूड कातणारा एक, थर देणारा दुसरा, घासणारा तिसरा, शेवटचा हात चौथ्याचा, अशी विभागणी असल्यामुळे एक जण गाव सोडून गेला की साखळी थांबते. दुरुस्तीच्या खर्चात इथे स्टीलच्या वाट्यांचे दोन सेट येतील. मी हो म्हटलं.

रोखठोक, तुमचं वाचताना एक आठवलं. २०२५ मध्ये ओसाकाच्या एक्स्पोला गेलो होतो. तिथे वाजिमाचा एक मोठा गोल होता. एक मीटर व्यासाचा पृथ्वीचा गोल, पूर्ण काळ्या उरुशीचा, त्यावर रात्रीच्या शहरांचे दिवे सोन्याने. ३७ कारागिरांनी पाच वर्षं केलेला. भूकंपात संग्रहालयात होता, त्याला काही झालं नाही. त्यातून आमटी पिता येत नाही, हे खरं. पण मी जवळ वाकून भारत शोधला, मुंबईचा ठिपका शोधला. तिथे उभ्या असलेल्या एका वाजिमाच्या बाई रडत होत्या. घर गेलेलं असावं. त्यांच्याकडे बघून तो गोल कशासाठी, हे मला विचारावंसं वाटलं नाही.

आजोबांबद्दल त्या कामशाळेला विचारलंय. दुकानाचं नाव आठवत नाही, म्हणून बाजाराचा एक जुना फोटो जोडलाय. उत्तर यायचंय.

वेंगुर्लेकर

वाडगा कधी पाठवताय? पार्सलमध्ये दोन किलो काजूगर ठेवायला माझ्याकडून पाठवतो, त्या कामशाळेच्या लोकांसाठी. नियमात बसतं का ते बघा.

इवातेकर

भाजून, बंद पाकिटात असतील तर बहुधा चालतील, मी इथे चौकशी करून कळवतो. सायलीताई, वाडगा कोरडा करून मऊ कापडात गुंडाळा, त्यावर दोन पदरी खोकं. प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधू नका. आणि त्या टवक्याला तोपर्यंत पाणी लागू देऊ नका, लाकूड फुगतं.

हळदीकुंकू

आणि तोपर्यंत आमटी कशातून?

सायली_बाणेर

स्टीलच्या वाटीतून. ओठ भाजतायत.